समुद्र की वडखळ

नकाशावर फूटपट्टी ठेवली तर गेटवेपासून अलिबाग तीस-बत्तीस किलोमीटर भरतं. चर्चगेटहून बोरिवलीला जातो त्याहून कमीच. पण गाडी काढली की हेच अंतर शंभरच्या घरात जातं, कारण मधे पाणी आहे. मुंबई बंदर, त्याला येऊन मिळणाऱ्या ठाण्याच्या आणि पनवेलच्या खाड्या, आणि सगळ्यांत दक्षिणेला धरमतरची खाडी. या खाडीत पाताळगंगा आणि अंबा येऊन मिळतात आणि ती पार पेणच्या अंगाला आत घुसलेली आहे. रस्त्याला ती टाळता येत नाही. पनवेल, पेण करत वडखळपर्यंत खाली उतरायचं, पुढे खाडीवरचा पूल ओलांडायचा आणि पोयनाड, कार्लेखिंड करत पुन्हा समुद्राकडे यायचं. म्हणजे ज्या समुद्राच्या काठावरून निघालो, त्याच्याच काठावर पोचायला घाटाच्या पायथ्याकडून वळसा.

माझं माहेर अलिबागचं आणि संसार परळला. त्यामुळे कसं जायचं हा प्रश्न माझ्या घरात कॅलेंडरइतकाच नेमाने समोर येतो. नवऱ्याचं मत ठरलेलं आहे, मुलांचं ठरलेलं आहे, आणि ती दोन मतं एकमेकांशी कधीच जुळत नाहीत. आई मात्र फोनवर एवढंच विचारते, "लाँचने येतेयस की वडखळवरून?" लाँचने म्हटलं की ती घड्याळ बघून कुकर लावते. वडखळवरून म्हटलं की काहीच लावत नाही. "पोयनाडला आलीस की फोन कर," म्हणते आणि ठेवून देते.

आईचा हा हिशेब मला बराच उशिरा नीट कळला. लोक वेळेची तुलना करतात. गेटवेहून लाँचने मांडव्याच्या धक्क्यापर्यंत एक तास, वर तिथून अलिबागला बस पाऊण तास. गाडीने अडीच-तीन तास. एसटीने त्याहून थोडा जास्त. कागदावर सगळं ठीक. पण खरा फरक किती वेळ लागतो यात नाहीच. अडचण आधी सांगून येते की न सांगता, यात आहे. समुद्राच्या अडचणी पंचांगात छापलेल्या असतात: भरती कधी, ओहोटी कधी, पावसाळा कधी. वडखळच्या नाक्यावर आज काय वाढून ठेवलंय हे कुठल्याही पंचांगात सापडत नाही.

वडखळ म्हणजे काय हे ज्याने तिथे उन्हाळ्यातली एखादी शनिवार सकाळ काढली आहे त्याला वेगळं सांगायला नको. गोव्याकडे जाणारी सगळी वाहनं आणि अलिबागकडे वळणारी सगळी वाहनं इथपर्यंत एकत्र येतात आणि इथे त्यांची ताटातूट होते. शेजारी डोलवीचा पोलादाचा कारखाना, त्याचे ट्रेलर. मुंबई–गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. त्या वर्षी जन्मलेली मुलं आता दाढीमिशा फुटायच्या वयाला आली आहेत. आमच्या गाडीत त्या काळात एक वाक्य रूढ झालं होतं, "पुढे काहीतरी झालंय." काय झालंय ते कधीच कळत नसे. बरेचदा काही झालेलंच नसे. पुढे नुसतं वडखळ असे. बायपास झाल्यापासून बरंच सुसह्य झालंय हे मान्य करायलाच हवं, पण जोडून सुट्ट्या आल्या की जुने दिवस आठवायची सोय अजून आहे.

१२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू सुरू झाला. शिवडी ते चिर्ले, २१.८ किलोमीटर, त्यातले साडेसोळा पाण्यावर. परळच्या माणसाला तर तो दारातच. पहिल्यांदा गेलो तेव्हा गाडीत कोणी बोललं नाही. दोन्हीकडे खाडी, भरतीच्या वेळी पाणी आणि ओहोटीच्या वेळी मैलभर चकचकीत चिखल, थंडीच्या दिवसांत त्या चिखलावर रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग. मुंबईतून बाहेर पडायला जो दीड तास जायचा तो वीस मिनिटांवर आला. एका वेळचे अडीचशे रुपये टोल द्यायचे. पण हा सेतू आपल्याला सोडतो चिर्ल्याला, आणि तिथून पुढे पेण, वडखळ, पोयनाड हे सगळं जसंच्या तसं. पूर्वी आपण वडखळला थकून पोचायचो, आता ताजेतवाने पोचतो. आणि दुचाकीवाल्यांना तेवढंही नाही, त्यांना सेतूवर बंदीच आहे. माझा मावसभाऊ मोटरसायकलवर ये-जा करतो, तो अजून वाशी-पनवेलची धूळ खातो.

एसटीबद्दल मात्र मी वाईट बोलणार नाही. पनवेलहून अलिबागला विनाथांबा गाड्या सुटतात आणि ड्रायव्हर त्या रस्त्याला असे सरावलेले असतात की कुठल्या गावात गाडी आत घालून कुठे बाहेर काढायची हे त्यांना मोबाइलच्या नकाशाआधी कळतं. शिवाय तिकिटाचं अर्थशास्त्र आहे. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट, आणि त्याच्या आदल्या वर्षीपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना पूर्ण माफ. आईची पंचाहत्तरी झाली त्या आठवड्यात तिने आधार कार्ड पर्सच्या पुढच्या कप्प्यात आणून ठेवलं. तेव्हापासून तिला लाँचने ये म्हणणं म्हणजे पैसे समुद्रात टाक म्हणण्यासारखं झालंय. "मी फुकटात बसून झोपून येते, तुम्ही या उड्या मारत."

उड्या मारत हे अगदीच खोटं नाही. गेटवेच्या धक्क्यावर लाँचमध्ये चढणं हे एक छोटं कसब आहे. पायऱ्या पाण्यात उतरत गेलेल्या, खालच्या चार-पाच कायम हिरव्या आणि बुळबुळीत. किती पायऱ्या उघड्या आहेत त्यावरून भरती की ओहोटी ते वरूनच कळतं. लाँच पायऱ्यांना लागलेली असते पण थांबलेली नसते. लाटेबरोबर हातभर वर येते, हातभर खाली जाते, आणि मधल्या फटीत जुने टायर करकरतात. काठावर एक खलाशी अनवाणी उभा, एक पाय पायरीवर आणि एक लाँचच्या कडेवर. तो तुमचा हात धरत नाही, मनगटाच्या वर घट्ट पकडतो. लाँच खाली असताना बायका पाय उचलायला जातात तेव्हा तो नुसता दाबून थांबवतो. वर यायला लागली की "चला" म्हणतो, आणि त्या एका क्षणात पायरी आणि लाँच एका पातळीत आलेली असतात. साडी, बाळ, पिशवी, दुखरा गुडघा, सगळं त्या एका "चला"त पार होतं. मी नीट बघितलंय, तो लाटेकडे पाहतसुद्धा नाही. पायरीवरच्या पायाला आणि लाँचवरच्या पायाला त्याला काय ते कळतं.

तिकिटाचं म्हणाल तर गेटवे ते मांडवा लाँच आणि पुढे मांडवा ते अलिबाग बस असं एकच तिकीट असतं. नव्या माणसाला हे माहीत नसतं. तो मांडव्याला उतरून रिक्षावाल्याशी घासाघीस करत बसतो आणि त्याची बस त्याच्या डोळ्यांसमोरून निघून जाते. बस लाँचशी बांधलेली. येताना उलटं: अलिबागची बस चुकली की तुमची लाँचही चुकलीच समजा.

लाँच सुटली की पहिली दहा मिनिटं सगळे ताजमहाल हॉटेलचे आणि गेटवेचे फोटो काढतात. मग नौदलाच्या राखाडी बोटी, मग नांगरून पडलेली मालवाहू जहाजं, ज्यांच्या पोटाजवळून जाताना लाँचमधला गलका आपोआप खाली येतो. थंडीत समुद्रपक्षी येतात आणि मागे लागतात. लोक गाठ्या, वेफर्स उडवतात आणि ते हवेतल्या हवेत टिपतात. पक्ष्यांसाठी हे बरं नाही हे मला कळतं, माझ्या मुलीलाही कळतं, तरी ती एक पाकीट घेऊन येतेच. उजव्या हाताला कुलाब्याचा दांडा मागे पडतो. हवा स्वच्छ असेल तर लांब खांदेरी-उंदेरी दिसतात. १६७९ साली शिवाजी महाराजांनी खांदेरीवर बांधकाम काढलं तेव्हा मुंबईचे इंग्रज तिथे आरमार घेऊन गेले होते, आणि मराठ्यांची छोटी गलबतं त्यांच्या नाकासमोरून रात्री बेटावर माल पोचवत होती. मुंबई–अलिबाग पट्ट्यातला प्रवास तेव्हाही सोपा नव्हता, आणि तेव्हाही ज्याला वारा आणि भरती कळत होती त्याचंच चाललं. २०२५ साली मराठ्यांच्या किल्ल्यांना युनेस्कोची मान्यता मिळाली, त्यात खांदेरीही आहे.

तर भरती. अलिबागच्या पोरांना भरती-ओहोटीचं गणित शाळेच्या आधी येतं, कारण अलिबागसमोरच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात चालत जायचं असतं. ओहोटीला पायी जाता येतं, भरतीला किल्ला बेट होतो आणि आत अडकलेल्याला पुढच्या ओहोटीपर्यंत गणपतीच्या देवळात बसावं लागतं. गणित असं: आजची तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा, खरं तर त्याहून थोडं पुढेच. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण कोळ्याच्या, वाडीवाल्याच्या आणि शाळकरी पोरांच्या कामाला एवढं पुरतं. मला नवऱ्याला हे शिकवायचं होतं. त्याने मोबाइलवर भरतीचं ॲप टाकलं. चालायचंच.

गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्याला या गणिताची फारशी गरज पडत नाही. रेवसला जाणाऱ्याला पडते. मुंबईतल्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला, म्हणजे धरमतर खाडीच्या तोंडाशी अलिबागच्या बाजूला असलेल्या बंदराला, लाँच जाते, ही जुनी वाट. गेटवेची लाँच पर्यटकांची आणि शनिवार-रविवारच्या बंगलेवाल्यांची. रेवसची लाँच मासळीवाल्यांची, चाकरमान्यांची, आजारी माणसाला भेटून परत निघालेल्यांची. तिच्यात पाट्या असतात, बर्फाचं पाणी ठिबकत असतं, आणि वास असा की त्या दिवशीच्या बाजारात काय आलं होतं ते सांगता यावं. बसायला लाकडी बाकं, ऊन येईल तसं सरकायचं. वेळही जास्त लागतो, तासाचा दीड तास. रेवसच्या बंदरात गाळ साचलेला, त्यामुळे पुरी ओहोटी असली की लाँचला धक्क्याला लागायचे वांधे. अशा वेळी लोक निमूट बसून राहतात. कोणी आवाज चढवत नाही. पाणी चढल्यावर लाँच लागणार हे सगळ्यांना माहीत असतं, आणि कधी चढणार तेही. इतकीच खोळंबलेली माणसं वडखळला बघा, हॉर्नवरून हात निघत नाही कोणाचा.

या वाटेवरूनच 'रामदास' गेली. १७ जुलै १९४७, आषाढी अमावास्या, गटारी. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी निघालेली रेवसची बोट, सणाला घरी निघालेली माणसं, खवळलेला समुद्र. काशाच्या खडकाजवळ बोट कलंडली आणि सहाशेहून जास्त माणसं बुडाली. कोळ्यांच्या होड्यांनी काही जणांना वाचवलं. स्वातंत्र्याला महिनासुद्धा उरला नव्हता. देशाच्या इतिहासात त्या दिवसाला फारशी जागा मिळाली नाही, पण आमच्या भागात जुन्या घरांमध्ये अजून वर्षं त्यावरून मोजणारी माणसं माझ्या लहानपणी होती: रामदास बुडाली त्याच्या आधी, त्याच्या नंतर. माझी आजी त्यानंतर कधीच लाँचमध्ये बसली नाही. तिचं कोणी त्यात गेलं नव्हतं. विचारलं तर म्हणायची, "आपलं नाही गेलं म्हणून काय झालं."

पंचांगात सगळं छापलेलं असतं असं मी वर म्हटलं, त्याला ही एक मोठी आडकाठी आहे हे मला ठाऊक आहे. त्या दिवशीची अमावास्याही पंचांगात होतीच, जुलैचा समुद्रही काही नवा नव्हता. माणसं निघाली, कारण सण होता आणि बोट सुटत होती. आता पावसाळ्यात मांडव्याची लाँच बंदच असते, मेच्या अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत, आणि दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात समुद्र शांत दिसला की कोणीतरी कुरकुरतंच, "चालू ठेवायला काय हरकत होती?" मी गप्प बसते. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून एलिफंटाला निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि पंधरा माणसं गेली. हिवाळा, दुपार, शांत पाणी. तेव्हापासून लाइफ जॅकेट घालायला लावतात. धक्का नजरेआड झाला की निम्मे लोक ते काढून मांडीवर घेतात, उकडतं म्हणून. मी घालून बसते आणि मुलांनाही काढू देत नाही. फोटो खराब येतात ही मुलीची तक्रार आहे.

लाँच पावसाळ्यात बंद म्हणजे खरी पंचाईत होते ती गणपतीत. आणि इथे पुन्हा पंचांग. गणपती दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि अधिक महिना आला की एकदम पुढे जातो. २०२३ ला अधिक श्रावण होता, गणपती १९ सप्टेंबरला आले, लाँच सुरू होऊन पंधरवडा उलटलेला. आम्ही मखराची थर्माकोलची नव्हे, पुठ्ठ्याची कमान लाँचच्या डेकवर धरून ऐटीत गेलो. २०२४ ला ७ सप्टेंबर, जेमतेम जमलं. २०२५ ला २७ ऑगस्ट. लाँच बंद, आणि रस्त्यावर सगळं कोकण. अवजड वाहनांना बंदी घालतात, पोलीस उभे असतात, तरी पेणच्या पुढे गाड्यांची जी रांग लागते ती लागतेच. त्यात पेण म्हणजे मूर्तींचं गाव, टेम्पोतून गणपती निघालेले. आमच्या गाडीशेजारी एक टेम्पो किती तरी वेळ होता, मागे प्लास्टिकच्या कापडात गुंडाळलेल्या मूर्ती, फक्त एकीचं कापड वाऱ्याने बाजूला झालेलं. आम्ही दोन मीटर पुढे जायचो, मग बाप्पा दोन मीटर पुढे जायचे. कोणाची प्रतिष्ठापना आधी होणार यावर मुलांनी पैज लावली होती. पोयनाडहून आईला फोन केला तेव्हा तिचा नैवेद्य दाखवून झाला होता.

अशा वेळी रो-रो उपयोगी पडते, हे खरंच. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला ही मोठी बोट सुरू झाली, ग्रीसमध्ये बांधलेली, पोटात गाड्या घेणारी. सुरू झाली आणि आठवड्याभरात टाळेबंदी आली, तो भाग वेगळा. हवा अगदीच बिघडली नाही तर ती पावसाळ्यातही चालते, हलत फारशी नाही, म्हातारी माणसं चालत आत जातात, कोणाला मनगट धरावं लागत नाही. गाडी खालच्या डेकवर लावायची, वर वातानुकूलित खोलीत बसायचं. गणपतीच्या आणि पावसाळ्याच्या दिवसांत तिचं तिकीट मिळवायला आधीपासून जागं राहावं लागतं. सोयीला तोड नाही. मला ती आवडत नाही. बंद काचेतून समुद्र बघत चहा प्यायचा, आणि शेजारचा माणूस लॅपटॉप उघडून बसलेला. तिला मी नावं ठेवते आणि सामान जास्त असलं की तिनेच जाते.

पण माझी खरी कुरबुर वेगळी आहे. लाँचने माणसं येतात, रो-रोने गाड्या येतात. लाँचने आलेला माणूस मांडव्याला बसमध्ये बसतो, रिक्षा करतो, सहाआसनी मिनीडोरमध्ये चेपून घेतो. गावात त्याचे चार पैसे जातात आणि रस्त्यावर त्याची जागा एका माणसाइतकीच असते. रो-रोने आलेल्या चारजणांच्या मागे एक दांडगी गाडी असते. झिराड, चोंढी, किहीम या भागातले रस्ते दोन बैलगाड्या एकमेकींना वाट देतील एवढ्या बेताने आखलेले, दोन्हीकडे वाड्या, नारळी-पोफळी. तिथे रविवारी संध्याकाळी एकापाठोपाठ एक मुंबईच्या नंबरच्या गाड्या मांडव्याकडे निघतात. बोटीची वेळ ठरलेली, त्यामुळे सगळे घाईत. आमचा भाजीवाला सायकल घेऊन गटाराच्या कडेला उभा राहतो, गाड्या संपायची वाट बघत.

मुंबईने वाहन बदललं की अलिबागला त्याचा हिशेब चुकवावा लागतो, हे तसं जुनंच आहे. एकदा तो अलिबागच्या फायद्याचा झाला. मुंबईतल्या कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी पिढ्यान्‌पिढ्या चालू होती. मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम येणार असं ठरलं आणि त्या विजेने नाजूक उपकरणं बिघडणार हे उघड होतं. मग जागा शोधली गेली: मुंबईच्या जवळ, पण ट्रामपासून लांब. १९०४ साली अलिबागला चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. इमारत अशा दगडाची की त्यात लोहाचा अंश नको. दोन वर्षं दोन्हीकडे एकदम नोंदी घेतल्या, म्हणजे जुना सांधा नव्याशी जुळावा, आणि मग कुलाब्याचं काम थांबवलं. मुंबईत विजेची ट्राम १९०७ साली आली आणि १९६४ साली गेलीसुद्धा. वेधशाळा अजून अलिबागच्या समुद्रकिनाऱ्याजवळ आहे. लहानपणी आम्ही तिच्या कुंपणावरून आत डोकावायचो. काहीच दिसायचं नाही, झाडं आणि बसकी घरं. आत होकायंत्र आहे एवढंच आम्हाला माहीत होतं, आणि ते आपल्या खिशातल्या खिळ्यांमुळे फिरेल अशी आशा.

रेल्वेचं थोडक्यात. अलिबागला रेल्वे नाही. पेणपर्यंत जाता येतं, तिथून तीसेक किलोमीटर एसटी. गंमत म्हणजे पेणहून थळच्या खत कारखान्यापर्यंत रूळ आहेत, म्हणजे अलिबागच्या वेशीपर्यंत. त्यावरून खत जातं, माणसं जात नाहीत. दर निवडणुकीत त्यावरून प्रवासी गाडी धावते आणि निकाल लागला की परत यार्डात.

त्यापेक्षा मला एक नवी आडवाट सापडलीय, जी कोणाला सांगितली की हसतात. अटल सेतू सुरू झाला त्याच दिवशी उरणची लोकलही सुरू झाली. नेरूळहून उरण, तिथून रिक्षाने करंजा, आणि करंज्याहून रेवसला छोटी लाँच, जी धरमतरच्या खाडीचं तोंड पाव तासात पार करते. पुढे एसटी किंवा मिनीडोर. लोकल, लोकल बदल, रिक्षा, लाँच, एसटी. वेळ वाचत नाही, पैसे वाचतात, आणि अंगाला सगळ्या प्रकारचे हादरे बसतात. नवऱ्याने एकदाच केलं आणि पुन्हा नाव काढलं नाही. मला मात्र त्या पाव तासासाठी ही वाट आवडते. मधोमध गेलं की डावीकडे खाडी आत पेणकडे जाताना दिसते, वडखळच्या दिशेने, जिला वळसा घालायला आपण उभा जन्म घालवला. आणि समोर रेवस इतकं जवळ की धक्क्यावरच्या माणसाचे कपडे दिसतात.

आता तिथे पूल होतोय. अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून, म्हणजे १९८० च्या आसपासपासून, या करंजा–रेवस पुलाचं बोलणं चालू आहे. मधे दोन पिढ्यांनी ऐकलं आणि सोडून दिलं. आता पाण्यात खरोखर खांब दिसायला लागलेत. पूल झाला की अटल सेतूवरून उतरलेली गाडी उरणकडून थेट रेवसला उतरेल, पेण नको आणि वडखळ नको. नवऱ्याने आत्ताच मिनिटं मोजून ठेवलीत, परळ ते अलिबाग दीड तास. पावसाळा असो, गणपती ऑगस्टात येवोत, रात्री आईला बरं वाटेनासं होवो. त्या शेवटच्या गोष्टीपुरती मी पुलाच्या बाजूची आहे, कारण रात्री लाँच नसते, आणि वडखळवरून रात्री केलेल्या दोन-तीन प्रवासांबद्दल मला इथे लिहायचं नाही.

पण रेवसला उतरलेली ती गाडी पुढे कुठे जाणार? झिराडवरून चोंढीलाच. रो-रोच्या गाड्या तिथे आधीच आहेत, बंगल्यांच्या कामाचे डंपर आहेत, आता त्यात पुलावरून येणाऱ्या. परवा आमच्या भाजीवाल्याला विचारलं, पूल झाल्यावर काय करणार. तो म्हणाला, "ताई, नाक्यावर गाळा बघितलाय. गाड्या थांबणारच ना तिथे. मग फिरायचं कशाला?"